पाण्याने जांभळी झालेली पट्टी

जानेवारीतला सकाळचा उजेड देवरावांच्या छपरीत कधी घाईने येत नसे. धान कापून नेल्यावर उघड्या पडलेल्या बांध्यांपलीकडे मोहाची सहा-सात झाडं होती. आधी तो त्यांच्या शेंड्यांवर टेके आणि बराच वेळ तिथेच राही, जणू पुढे जावं की नाही याचा विचार करत असावा. मग बांध्यांतल्या लाखोळीच्या कोवळ्या पिकावरचं दव राखाडीचं पांढरं होई. शेजारच्या गुणाबाईंच्या घराची कौलं ओळीओळीने वरून खाली उजळत जात, तारेवरच्या टॉवेलची कड दिसू लागे, खुराड्याच्या फटींमागे कोंबड्या कूस बदलत. शेवटी छपरीच्या दोन सागवानी खांबांमधून हळदीच्या पाण्यासारखा एक पट्टा आत येई, शेणाने सारवलेल्या जमिनीवरून सरकत भिंतीजवळच्या टेबलापाशी पोचे आणि टेबलाच्या पायांवरून हळूहळू वर चढे. त्यात विशेष असं काही नव्हतं. असा उजेड रोज येई आणि रोज, कुणी त्याच्याकडे नीट पाहण्याआधीच, त्याचं ऊन होऊन जाई.

प्रफुल मात्र त्याची वाट पाहत बसे. तो तालुक्याच्या कॉलेजात संशोधन करत होता आणि कॉलेजातलं रंग मोजायचं यंत्र दिवाळीपासून नागपूरला दुरुस्तीला गेलेलं होतं. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली लाल आणि जांभळा हे दोन रंग सख्ख्या भावांसारखे दिसत. म्हणून त्याचे मार्गदर्शक गुणवंतराव सर यांनी ठरवून टाकलं होतं, की यंत्र परत येईपर्यंत रंग दिवसाच्या उजेडातच, शक्यतो सकाळी, वाचायचे. प्रफुलच्या घराचं तोंड पूर्वेला होतं. विज्ञानाच्या कामी घराचं तोंड उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ असावी.

वाचायचे ते रंग बोटभर लांबीच्या काचपट्ट्यांवर असत. प्रत्येक पट्टीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीचा एक थर होता आणि त्यात सोन्याचे कण होते, इतके बारीक की ते सोनेरी न दिसता लाल दिसत. थर ओला असताना त्यात कोंबडीच्या अंड्यातल्या एका प्रथिनाचे रेणू दाबून बसवायचे, थर घट्ट झाला की ते धुऊन काढायचे. मागे नेमके त्यांच्याच आकाराचे खळगे राहत. पुढे तेच प्रथिन समोर आलं की खळग्यात जाऊन बसे आणि पट्टी जांभळी होई. दुसरं काहीही आलं तरी ती लालच राही. शरीरातली प्रथिनं एकमेकांना जशी अचूक ओळखतात, तशी ओळख निर्जीव काचेला शिकवायची, एवढाच त्याच्या प्रबंधाचा अर्थ होता. अंड्यावर साधलं, तर हीच युक्ती पुढे सापाच्या विषावर चालवायची होती; बांधीत चिखल तुडवताना कोणता साप चावला हे दवाखान्यात पोचण्याआधी कळावं म्हणून.

हे सगळं त्याने एकदा वडिलांना समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. देवराव वनरक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांची उमेदीची वर्षं जंगलातल्या मातीवर उमटलेल्या वाघाच्या पंजांत प्लास्टर ओतून ठसे काढण्यात गेली होती.

"म्हंजे पंजाचा ठसाच की," ते म्हणाले होते. "ज्याचा पंजा, त्यालेच बसन. याच्यात शिकासारखं काय आहे? मी तं हे चौतीस वर्षं केलो."

प्रफुलला तीन वर्षांत भेटलेलं हे सर्वात नेमकं स्पष्टीकरण होतं. त्याने ते प्रबंधात मात्र घातलं नाही.

त्याच्या कामावर आता बरंच अवलंबून होतं. फिनलंडमधल्या एका विद्यापीठात चार वर्षांसाठी एक जागा होती. निवड समितीच्या डॉ. रश्मी मॅडम महिनाअखेरीला स्वतः येऊन प्रयोग पाहणार होत्या. पट्टी पटली तर प्रफुल जाणार, नाही पटली तर यादीतलं पुढचं नाव जाणार. घरात विषय निघाला की प्रफुल जमिनीकडे पाहत म्हणे, "सरांनी आग्रह केला म्हनून फॉर्म भरलो. मले काही हौस नाई." त्याची आई, सत्यशीला, हे ऐकून निर्धास्त होई आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढे. त्या फिनलंडमधल्या गावात आज नऊ वाजून चार मिनिटांनी उजाडणार होतं, स्टेशनपासून विद्यापीठाकडे सात नंबरची ट्राम जात होती आणि तापमान उणे अकरा होतं. हे सारं प्रफुलला केवळ माहिती म्हणून ठाऊक होतं.

मॅडम यायला अकरा दिवस उरले असताना, एका सकाळी, तो चमत्कार घडला. त्याने पहिल्या पट्टीवर अंड्याचा अगदी पातळ केलेला पांढरा भाग ड्रॉपरने सोडला. उजेड टेबलावर चढला. चार मिनिटांत पट्टीचा लाल रंग मावळला आणि तिथे पिकल्या जांभळाचा रंग आला. तीन वर्षांत इतका स्वच्छ रंग कधी आला नव्हता. प्रफुल बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग नियमाप्रमाणे त्याने दुसरी पट्टी घेतली, तिच्यावर केवळ शुद्ध पाण्याचा थेंब सोडला आणि ती लालच राहणार म्हणून वहीत 'लाल' हा शब्द आधीच लिहून टाकला.

दुसरी पट्टीही जांभळी झाली.

पाण्याने जांभळी होणारी पट्टी म्हणजे मालक आणि चोर दोघांनाही पाहून शेपूट हलवणारा कुत्रा. तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. प्रफुलने 'लाल' खोडलं. दुसऱ्या दिवशी नव्या पट्ट्या, नवं पाणी, नवे हातमोजे घेतले. पाण्याची पट्टी जांभळी झाली. तिसऱ्या दिवशीही तेच.

"पाण्यात अंडं गेलं आहे," गुणवंतराव सरांनी निदान केलं. "अर्थात अंड्यातलं प्रथिन. मात्र ते लाळेतही असते. पट्ट्या कोण धुते आपल्याकडे?"

पट्ट्या प्रयोगशाळेतले परिचर झिंगूभाऊ धुत असत. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांच्या गालात सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा असे आणि एकमेकींना चिकटलेल्या काचा सुट्या करताना अंगठा जिभेला लावायची त्यांची जुनी सवय होती. सरांनी ही गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगितली.

"म्हंजे माहा थुका जर्मनीले जाऊन राह्यला होता का जी?" झिंगूभाऊंनी विचारलं.

"फिनलंड," प्रफुल हळूच म्हणाला.

"तेच ते. थंडीकडं."

त्या दिवसापासून झिंगूभाऊंचा खर्रा बंद झाला आणि तोंडावर मास्क चढला. खर्रा सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी ते भट्टीजवळच्या स्टुलावर खिन्न बसलेले आढळले.

"खर्रा सोडून इतके दिस झाले, प्रफुलभाऊ. मले आता काचेच्या गोळ्या बी सुपारीवानी दिसून राह्यल्या. घरी बायको म्हनते, तुमी इतकं बोलता हे मले लग्नापासून मालूमच नव्हतं."

"तुम्हाला त्रास होतोय, झिंगूभाऊ. मला वाईट वाटतं."

"वाईट नोका वाटून घेऊ. पट्टी लाल झाली का?"

पट्टी लाल राहिली नव्हती.

मग संशय घरावर आला. सरांनी फोनवर विचारलं, घरात कोंबड्या आहेत का. प्रफुलने प्रामाणिकपणे पाच म्हणून सांगितलं. सरांनी आकडा परत म्हणून पाहिला. मग म्हणाले, "आणि तिथं तू अंड्याचा अतिसूक्ष्म शोध लावून राह्यला."

सत्यशीलाबाईंनी त्याच दिवशी घरात अंडं शिजवणं बंद केलं. रोज लाखोळीची भाजी होऊ लागली. कोंबड्या खुराड्यासह गुणाबाईंच्या सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, गेल्या. कोंबड्यांना स्थलांतर मानवलं. त्या तिथे अधिक अंडी देऊ लागल्या. गुणाबाईंनी ती अंडी ठेवून घेतली, कारण त्यांच्या मते ज्याच्या जमिनीवर अंडं पडतं त्याचं ते असतं. सत्यशीलाबाईंच्या मते अंडं कोंबडीसोबत असतं. दोघी वीस वर्षांच्या मैत्रिणी. आता कुंपणाच्या दोन बाजूंनी तिसऱ्याच कोणाला उद्देशून बोलू लागल्या.

"काही काही लोकाईले आपल्या कोंबड्या जड होतात," गुणाबाई आपल्या बकरीला सांगत.

"काही काही लोकाईले फुकटाची अंडी पचत नाईत," सत्यशीलाबाई तारेवरच्या टॉवेलला सांगत.

पाण्याची पट्टी जांभळीच होत राहिली. प्रफुल आता उजाडण्यापूर्वी दोनदा आंघोळ करी, मास्क लावी, हातमोजे घाली. आठव्या दिवशी त्याने मिशी काढून टाकली.

"मिशी काऊन काढली, बाबू?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"केसाईत काही अडकून राह्यते कधी कधी."

"तिले उगवाले दोन वर्षं लागले होते." त्यांनी त्याचा चेहरा निरखला. "अन् डोळे काऊन लाल आहेत?"

"उजेडाकडं पाहून."

"कोवळा उजेड कोनाच्या डोळ्याईले लागते बाप्पा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुणवंतराव सरांनी त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लोटून घेऊन एक सूचना केली. "पाण्याची पट्टी दाखवाचीच कशाले? मॅडमले अंड्याची दाखव. जांभळी होते ना? झालं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा उद्धटपणा आहे."

"सर, पाण्याची पट्टी दाखवली नाही तर अंड्याच्या पट्टीला अर्थ उरत नाही."

"अर्थ उरत नाही, पण जागा उरते," सर म्हणाले. "तुले जायचं आहे की नाही?"

प्रफुल टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिला. "तसा काही माझा आग्रह नाही," तो म्हणाला. "पण खोटं दाखवणार नाही."

इथपर्यंत देवरावांनी या प्रकरणात लक्ष घातलं नव्हतं. नवव्या दिवशी ते छपरीत आले, सगळ्या जांभळ्या पट्ट्या ओळीने मांडायला लावल्या आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले. जंगलात एखाद्या ठशासमोर बसत, तसेच.

"तू काय समजते? ठसा खोटा आहे म्हनून?"

"हाव. पट्टी चुकून राह्यली."

"ठसा कधी चुकत नाई. वाचनारा चुकते. जनावर येऊन गेलं म्हनून ठसा आहे. आता कोनतं जनावर, ते पाहू."

त्यांनी प्रफुलकडून चार पट्ट्या मागून घेतल्या आणि चौकशी आपल्या पद्धतीने चालवली. पहिली पट्टी भर दुपारी स्वतः पाण्याने ओली केली. ती लाल राहिली. दुसरी सत्यशीलाबाईंच्या हातात दिली. पीठ मळतानाच त्यांना उठवून आणलं होतं आणि त्यांचा हात धुऊसुद्धा दिला नव्हता. तीही लाल राहिली. तिसरी घेऊन ते सायकलने कॉलेजात गेले.

"जय भीम, झिंगूभाऊ."

"जय सेवा, देवरावभाऊ. आता तुमी बी माह्यावरच आले का?"

"मास्क काढ. खर्रा आहे?"

"सहा दिस जुना, खिशात तसाच आहे. वास घ्याले ठेवला."

"तोंडात टाक. मंग या पट्टीवर हे पानी सोड."

झिंगूभाऊंच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान त्या प्रयोगशाळेने यापूर्वी पाहिलं नव्हतं. देवरावांनी पट्टी दाराबाहेर उजेडात नेऊन पाहिली; ती लालच होती. जुनी सवय अंगठ्याची होती; थेंब सोडताना अंगठा लागत नव्हता आणि धुतल्यावर पट्ट्यांवर काही उरत नव्हतं. झिंगूभाऊ निर्दोष सुटले आणि त्यांनी मास्क आपणहून कचऱ्यात टाकला.

चौथी पट्टी देवरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुललाच दिली आणि स्वतः टॉवेल घेऊन विहिरीकडे निघून गेले. परत आले तेव्हा ती जांभळी झालेली होती.

"पाह्य," ते शांतपणे म्हणाले. "चार जनं एकाच पानवठ्यावर गेले अन् ठसा एकाचाच उमटला. तं मंग कोन आलं होतं, हे विचाराचं काम उरलं नाई."

"पन मी हात धुतो, बाबा. दोन दोन वेळा."

"हात म्हनलो का मी?"

प्रफुल हातमोजे काढू लागला. देवरावांनी पुढे विचारलं नाही. नोकरीत असताना ते एक पथ्य पाळत: जनावर जखमी आहे असा संशय आला, की त्या दिवशी माग काढणं थांबवायचं. त्यांनी टॉवेल तारेवर टाकला आणि लाखोळीला पाणी लागतं का ते पाहायला बांधीकडे निघून गेले.

रश्मी मॅडम बाराव्या दिवशी दुपारी आल्या. रंग जिथे वाचले जातात ती जागाच आपल्याला पाहायची आहे असं त्यांनी आधी कळवलं होतं, त्यामुळे गुणवंतराव सर त्यांना घेऊन थेट प्रफुलच्या घरी आले. मागोमाग पट्ट्यांचा डबा सांभाळत झिंगूभाऊ आले. गाडी पाहून गुणाबाईही कुंपण ओलांडून आल्या आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून सहा अंडी घेऊन आल्या. त्या अंड्यांकडे पाहून सरांनी डोळे मिटून घेतले.

मॅडम पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी छपरीतल्या लाकडी खुर्चीवर बसून पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर करून दाखवाल? घाई नाही."

प्रफुलने नवे हातमोजे चढवले. समोर इतकी माणसं बसलेली, त्या धास्तीत त्याला दुसरं काही जाणवायला जागाच उरली नव्हती. त्याने अंड्याची पट्टी ओली केली. ती जांभळी झाली. त्याने पाण्याची पट्टी ओली केली. चार मिनिटं गेली. सहा गेली. पट्टी कुंकवासारखी लाल होती.

गुणवंतराव सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. झिंगूभाऊंनी गालातला खर्रा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेला. इथे सगळं संपू शकलं असतं. चहा झाला असता आणि गाडी गेली असती. पण प्रफुलने उठून वही मॅडमच्या हातात दिली.

"याआधी अकरा वेळा पाण्याची पट्टी जांभळी झाली आहे," तो म्हणाला. "कारण सापडलेलं नाही. ते न सांगता निवड होणं बरोबर नाही."

सरांनी छताकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा बदलला आणि वही पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक नोंदीपाशी बोट ठेवत वाचली.

"जांभळ्या नोंदी सगळ्या सकाळच्या."

"हो."

"पट्टी ओली करणारे तुम्हीच. दुपारी तुमच्या वडिलांनी केली तेव्हा लाल. आईंनी केली तेव्हा लाल." त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. "पहिल्या दिवशी आधी अंड्याची पट्टी ओली केलीत. ती जांभळी झाल्यावर किती वेळाने पाण्याची घेतली?"

"दहा-बारा मिनिटांनी."

"तेवढा वेळ काय केलंत?"

"काही नाही. पाहत होतो. रंग फार चांगला आला होता."

"हं." मॅडमनी वही मांडीवर ठेवली. "हे प्रथिन अंड्याखेरीज आणखी कुठे आढळतं?"

हा प्रश्न प्रफुलला नवा नव्हता. त्याच्या प्रबंधाच्या नवव्या पानावर त्याचं उत्तर होतं आणि ते त्याला पाठ होतं. तो वर्गात उभं राहून सांगावं तसं सांगू लागला.

"लायसोझाइम हे प्रथिन लाळेत, दुधात, नाकातल्या स्रावात, आणि..."

तो थांबला. कुंपणापलीकडे एक कोंबडी बोलत होती.

"आणि?" मॅडमनी सौम्यपणे विचारलं.

"आणि अश्रूंमध्ये," प्रफुल म्हणाला. "भरपूर प्रमाणात."

"हातमोज्याच्या पाठीने डोळे पुसत असाल," मॅडम म्हणाल्या. "आपल्या लक्षातही येत नाही."

"धुराचं होय, मॅडम," सत्यशीलाबाई चटकन मधे पडल्या. "सकाळी चूल पेटवतो ना आमी. धूर होते लय."

"तुमचा चहा आत्ता गॅसवर झाला, बाई."

"हाव," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करत बसल्या.

मॅडम पट्टीकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता परीक्षकाचा नव्हे, कारागिराचा आनंद होता. "म्हणजे हातमोज्याला लागलेल्या ओलाव्यातला एखादा अंश पाण्यात गेला असेल आणि तेवढाही हिने पकडला. अकराच्या अकरा वेळा. गुणवंतराव, मी इतकी तीक्ष्ण पट्टी पाहिलेली नाही. तुम्ही ज्याला दोष समजत होता, तो तर हिचा दाखला आहे."

"तेच मी त्याले सांगत होतो," गुणवंतराव सर म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि मग त्या किंचित घुटमळल्या. "पण रोज सकाळी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

ते देवरावांनी पुरं केलं. खांबाला टेकून उभे होते, ते पुढे आले. "मॅडम, मी ठसे वाचनारा मानूस. मले परवाच समजलं होतं. पोराचा जीव इथी गुंतला आहे. घर सोडाचं म्हनून रोज सकाळी बसून रडते, अन् आमाले दिसू देत नाई. तुमी त्याले पाठवू नका."

"दोन वर्षांपासून म्हनून राह्यला, मले हौस नाई, मले हौस नाई," सत्यशीलाबाईंचा आवाज भरून आला. "आमीच येडे. तो भिडेनं सांगत होता तरी समजलं नाई."

"लेकरू सोन्यासारखं आहे," गुणाबाई म्हणाल्या आणि अंड्यांची टोपली सत्यशीलाबाईंच्या मांडीवर सरकवली. "घे वं बाई. तुह्याच कोंबड्याईची आहेत."

"तं तुह्या जमिनीची कशी नाईत? तीन तुले, तीन मले," सत्यशीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"इथंच राहील तर लॅबलेही मानूस मिळते," गुणवंतराव सर विचारपूर्वक म्हणाले. "बाहेर जाऊन काय मोठं होते."

"अन् मले बी बरं," झिंगूभाऊ म्हणाले. "दुसरा कोनी आला तं पयले माहा खर्राच बंद करन."

सगळे एकाच वेळी इतके समजूतदार झाले होते की छपरीत हवा जड झाली. मॅडमनी पेनचं टोपण बंद केलं. "मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "मीही वीस वर्षांपूर्वी अशीच एक जागा नाकारली होती. काही हरकत नाही. यादीत पुढचं नाव चांगलं आहे." फॉर्म पुन्हा पिशवीत जाऊ लागला.

प्रफुलने तो जाताना पाहिला. पहिल्या सकाळी, जांभळा रंग आला तेव्हा, आता जायला मिळणार म्हणून आपले डोळे आनंदाने कसे भरून आले होते हे त्याला त्या क्षणी स्वच्छ आठवलं. आणि नंतरच्या प्रत्येक सकाळी, पाणी सोडण्याआधीच, आजही पट्टी जांभळी होणार या भीतीने डोळे भरून आलेले. डोळे भरले म्हणून पट्टी जांभळी झालेली. पट्टी जांभळी झाली म्हणून दुसऱ्या सकाळची भीती. अकरा दिवस तो स्वतःच्याच शेपटीमागे धावत होता. पट्टीने त्याचे अश्रू ओळखले होते. ते कशाचे होते, हे सांगणारा खळगा तिच्यावर कोणी कोरलेला नव्हता. वडिलांनी ठसा बरोबर वाचला होता, फक्त जनावर कोणत्या दिशेला निघालं आहे ते उलटं वाचलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला.

आवाज इतका लहान होता की झिंगूभाऊंनी चघळणं थांबवलं तेव्हाच तो सर्वांना ऐकू आला. आई त्याच्याकडे पाहत होती. वडील पाहत होते. त्याने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि यावेळी जमिनीकडे पाहिलं नाही.

"फॉर्म ठेवू नका," तो म्हणाला. "मला जायचं आहे."